आरसीयूने शेअर्ड लिस्ट वाचताना या चुका टाळा

लिनक्स कर्नलमध्ये आरसीयू, म्हणजे रीड-कॉपी-अपडेट, हे वाचणाऱ्या कोडला (रीडरला) लॉकसाठी न थांबता शेअर्ड माहिती वाचू देणारे तंत्र, 2002 मध्ये 2.5 मालिकेत आले. इतकी वर्षे उलटली, तरी पॅच तपासताना मला त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा दिसतात. आरसीयूचे वचन अगदी मोजके आहे. रीडर आरसीयू_रीड_लॉक आणि आरसीयू_रीड_अनलॉक यांच्या दरम्यान असेपर्यंत, लिस्टमधून काढलेल्या नोडची (लिस्टमधल्या घटकाची) मेमरी मोकळी होणार नाही, आणि तेही अपडेटरने, म्हणजे लिस्ट बदलणाऱ्या कोडने, ग्रेस पिरियड (आधीपासून वाचत असलेले सगळे रीडर बाहेर पडेपर्यंतचा काळ) संपण्याची वाट पाहिली तरच. नोडमधली माहिती ताजी असेल किंवा दोन अपडेटर एकमेकांवर आदळणार नाहीत, याची हमी त्यात कुठेही नाही. अपडेटरांना आपापसात स्पिनलॉक किंवा म्यूटेक्स यांसारखा लॉक लागतोच, आणि नवशिके नेमका तोच विसरतात.

सर्वांत जास्त त्रास मला लिस्टमधून नोड काढणाऱ्या ‘लिस्ट_डेल_इनिट’ने दिला आहे. एका ड्रायव्हरमध्ये सेशनांची लिस्ट होती आणि कमी प्राधान्याचा एक कर्नल थ्रेड ती आरसीयूखाली फिरून आकडेवारी गोळा करत असे. नोड लिस्टमध्ये आहे की नाही हे ‘लिस्ट_एम्प्टी’ने तपासता यावे, म्हणून कोणीतरी ‘लिस्ट_डेल_आरसीयू’च्या जागी ‘लिस्ट_डेल_इनिट’ घातले. बदल एका ओळीचा होता आणि तो मीही तपासून मंजूर केला होता. काही दिवसांनी जास्त लोड असलेल्या मशीन मेमरी संपून पडू लागल्या. लॉगच्या शेवटी ओओएम किलरच्या (मेमरी संपल्यावर प्रोसेस मारणाऱ्या कर्नलच्या भागाच्या) ओळी दिसत असल्यामुळे आम्ही दोन दिवस मेमरी लीक शोधत बसलो. लॉग सुरुवातीपासून वाचल्यावर मात्र बराच आधी आलेला आरसीयू स्टॉलचा, म्हणजे ग्रेस पिरियड अडकल्याचा, इशारा सापडला. हा इशारा मूळ सेटिंगमध्ये 21 सेकंदांनी येतो.

घडले होते ते असे. ‘लिस्ट_डेल_आरसीयू’ नोडचा मागचा पॉइंटर निकामी करते, पण पुढचा पॉइंटर मुद्दाम तसाच ठेवते, कारण त्या क्षणी त्या नोडवर उभ्या असलेल्या रीडरला पुढे जाऊन लिस्टच्या हेडपर्यंत पोहोचायचे असते. ‘लिस्ट_डेल_इनिट’ मात्र दोन्ही पॉइंटर त्या नोडकडेच वळवते. आमचा थ्रेड नेमका तिथे असताना नोड काढला गेला, की तो त्याच नोडभोवती कायमचा फिरत राही. तो रीड सेक्शनमधून बाहेर येत नसल्यामुळे ग्रेस पिरियड संपत नव्हता, ग्रेस पिरियडनंतर मेमरी मोकळी करणाऱ्या ‘केफ्री_आरसीयू’ला दिलेले सगळे नोड रांगेत साचत होते आणि मेमरी भरत होती. कर्नल प्रीएम्प्टिबल, म्हणजे चालू थ्रेड मध्येच थांबवून दुसऱ्याला संधी देणारा, असल्याने बाकीची कामे सुरळीत चालली होती, त्यामुळे अडकलेल्या थ्रेडकडे कोणाचेही लक्ष गेले नाही.

त्या दिवसापासून मी अशा नोडमध्ये ‘काढला आहे’ असे सांगणारा वेगळा फ्लॅग ठेवतो, आणि तो अपडेटरच्या स्पिनलॉकखालीच वाचतो व बदलतो. एक बूलियन वाचवण्यासाठी लिस्टच्या पॉइंटरांवर दुहेरी काम लादणे मला मान्य नाही. लिस्टमधून काढलेला नोड ग्रेस पिरियड न जाऊ देता लगेच दुसऱ्या लिस्टमध्ये घालणे हीदेखील याच जातीची चूक आहे. जुन्या लिस्टमधला रीडर नव्या लिस्टमध्ये भरकटतो, तिथे त्याला स्वतःचे हेड कधीच भेटत नाही आणि परक्या हेडलाच तो नोड समजून वाचतो.

दुसरी चूक अधिक फसवी आहे. शोध घेणारे फंक्शन रीड लॉक घेते, नोड शोधते, अनलॉक करते आणि पॉइंटर परत देते. दिसायला हे फंक्शन नीटनेटके असते आणि चाचण्यांतही बहुधा पास होते, कारण ग्रेस पिरियडला साधारणपणे काही मिलिसेकंद लागतात आणि तेवढ्यात कॉल करणाऱ्याचे काम उरकलेले असते. पण अनलॉक झाल्याक्षणी त्या पॉइंटरवरचा तुमचा हक्क संपलेला असतो. नोड बाहेर न्यायचाच असेल, तर रीड सेक्शनच्या आतच ‘रेफकाउंट_इंक_नॉट_झीरो’ने तो वापरणाऱ्यांची गणती वाढवावी, ती न वाढल्यास नोड सापडलाच नाही असे समजावे, आणि गणती शून्यावर आल्यावर नोड ‘केफ्री’ने नव्हे तर ‘केफ्री_आरसीयू’ने मोकळा करावा. साधे ‘रेफकाउंट_इंक’ इथे चालत नाही, कारण शून्यावर गेलेला नोड रीडरला अजून दिसू शकतो. याच चुकीवर उपाय म्हणून मेमरी काही सेकंद उशिरा मोकळी करणारा टायमर लावलेला मी पाहिला आहे. त्याने दोष दुर्मीळ होतो, म्हणजेच सापडणे आणखी कठीण होते, आणि घाईने केलेल्या अशा दुरुस्तीचा मला मनापासून राग येतो.

बाकीच्या चुका थोडक्यात सांगतो. रीड सेक्शनमध्ये झोपू नये (कशाची तरी वाट पाहत थांबू नये), म्हणजे म्यूटेक्स, ‘जीएफपी_कर्नल’ने मागितलेली मेमरी किंवा ‘कॉपी_टू_यूझर’ तिथे नको. झोपणे अटळच असेल तर एसआरसीयू हा आरसीयूचा वेगळा प्रकार वापरावा. आधी ‘लिस्ट_एम्प्टी’ आणि मग पहिला नोड, असे दोन टप्पे करू नयेत, कारण मधल्या काळात लिस्ट रिकामी होऊ शकते. त्यासाठी ‘लिस्ट_फर्स्ट_ऑर_नल_आरसीयू’ आहे. नोडची सगळी फील्ड ‘लिस्ट_ॲड_आरसीयू’च्या आधी भरावीत, नंतर नव्हे. मागचा पॉइंटर निकामी केलेला असू शकतो, म्हणून लिस्ट उलट दिशेने फिरू नये.

‘माझ्याकडे तर चालते’ हे उत्तर मी या विषयात ऐकून घेत नाही. प्रीएम्प्टिबल नसलेल्या कर्नलमध्ये आरसीयू_रीड_लॉकपासून प्रोसेसरसाठी एकही सूचना तयार होत नाही, त्यामुळे ते लिहायचेच राहिले तरी चाचणीत फरक दिसेलच असे नाही. ‘प्रूव्ह_आरसीयू’, ‘प्रूव्ह_आरसीयू_लिस्ट’, ‘डीबग_ॲटॉमिक_स्लीप’ आणि केएसॅन ही चुका पकडणारी साधने चालू असलेल्या कर्नलवर तासन्‌तास लोड दिल्याशिवाय मी असा पॅच पुढे पाठवत नाही. कोड लिहितानाही मी नोड काढण्याचा भाग आधी लिहितो आणि रीडर शेवटी, कारण नोड कोण, कोणत्या लॉकखाली काढणार आणि मेमरी कधी सुटणार हे ठरल्याशिवाय रीडरने काय गृहीत धरायचे तेच ठरत नाही.

मॉड्यूल काढतानाची चूक मात्र या साधनांनाही सहज सापडत नाही. मॉड्यूलने स्वतःचा कॉलबॅक (ग्रेस पिरियडनंतर चालवायचे फंक्शन) ‘कॉल_आरसीयू’ला दिला असेल, तर बाहेर पडताना ‘सिंक्रोनाइझ_आरसीयू’ पुरत नाही. ते ग्रेस पिरियड संपेपर्यंत थांबते, पण रांगेत असलेले कॉलबॅक चालून होईपर्यंत थांबत नाही, आणि मग मॉड्यूलचा कोड मेमरीतून गेल्यावर कर्नल त्या रिकाम्या पत्त्यावर उडी घेतो. म्हणून आधी नवे कॉलबॅक देणे बंद करावे, मग रांगेतले कॉलबॅक चालून होईपर्यंत थांबणाऱ्या ‘आरसीयू_बॅरियर’ला कॉल करावा आणि त्यानंतरच नोडांना मेमरी देणारा स्लॅब कॅशे नष्ट करावा.