मेकॅनिकल झालात? या चुका टाळा

लोटे एमआयडीसीत मी मेंटेनन्सला आहे. इंटरव्ह्यूला आलेल्या नव्या पोरांना माझा पहिला प्रश्न ठरलेला: सेंट्रिफ्युगल पंप चालू आहे, पण पाणी उचलत नाही. काय बघशील?

मागे गुहागरकडचा एक मुलगा थेट बर्नुलीवर गेला. समीकरण अगदी बरोबर, पंप मात्र तसाच. मग विचारलं, ‘घरी विहीर आहे का रे?’ आहे म्हणाला. ‘तिथला पंप पाणी धरत नाही तेव्हा?’ तेव्हा कुठे गडी खुलला. ‘फूटव्हॉल्व्हमध्ये पाला अडकतो, सर. तो काढायचा, केसिंगमध्ये पाणी ओतून हवा घालवायची. तरी नाही धरलं तर सक्शनचा जॉइंट हवा खेचतोय का बघायचं. मोटर रिवाइंड करून आणली असेल तर ती उलटी तर फिरत नाही ना, तेही.’ अरे, हेच तर हवं होतं! बायोडेटात मात्र यातलं अक्षर नव्हतं. होतं ते मित्राकडून उचललेलं ‘करिअर ऑब्जेक्टिव्ह’. ही पहिली चूक.

दुसरी चूक क्रमाची. अप्रेंटिसशिप कमीपणाची वाटते म्हणून आधी मिळेल ती नोकरी धरतात, आणि दीड वर्षाने अप्रेंटिसच्या जागेला अर्ज करतात. वर्षभराचा किंवा जास्त अनुभव झाला की पदवीधर अप्रेंटिस म्हणून घेत नाहीत. म्हणून निकाल लागताच एनएटीएसवर, म्हणजे सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर, नाव नोंदवा.

एमटेकसाठी आणि काही सरकारी कंपन्यांत चालणाऱ्या गेट परीक्षेचं म्हणाल तर स्कोअर तीन वर्षं चालतो. त्यासाठी दोन-दोन वर्षं घरी बसू नका.

बोटीवर जायचं वेड आपल्याकडे जुनंच. मेकॅनिकलवाल्यांना एक वर्षाचा जीएमई (ग्रॅज्युएट मरीन इंजिनिअरिंग) कोर्स करून इंजिन रूममध्ये जाता येतं. पण आधी फी आणि मग कंपनी शोधायची, हा उलटा कारभार नको. जहाज कंपनीची स्पॉन्सरशिप मिळते का ते आधी बघा. संस्थेला नौवहन महासंचालनालयाची मान्यता आणि भरती करणाऱ्याकडे आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचा परवाना असायलाच हवा. नोकरी लावतो म्हणून खलाशाकडून पैसे घेणं नियमातच बसत नाही. आमच्या वाडीतल्या एकाने आंब्याचे आलेले पैसे असेच एजंटच्या हातावर ठेवले. बोट अजून लागायची आहे.