भाड्याचे स्की बूट घेताना घोटा सांभाळा

गुलमर्गला स्की बूट भाड्याने घेताना बरेच जण ‘जरा सैल द्या’ म्हणतात. तिथेच घोटा दुखायची सोय होते. सैल बुटात टाच उचलली जाते, मग बकल करकचून आवळावी लागतात आणि घोट्याचं हाड सोलवटतं.

माप सेंटीमीटरमध्ये असतं. पाऊल २६ सेंमी, तर बूटही २६ किंवा २६.५. खात्री हवी असेल तर आतला मऊ बूट काढा, नुसत्या कडक कवचात पाय घालून बोटं पुढे टेकवा. टाचेमागे दीड-दोन सेंमी जागा राहिली की ठीक. पायमोजा एकच, पातळ. (थंडी म्हणून दोन-दोन चढवायचा आपला हट्ट इथे सोडा.)

फ्लेक्सचा आकडा म्हणजे बूट पुढे वाकायला किती कडक. नवख्याला ६० ते ८० पुरे, वजन जास्त असेल तर थोडा वर. १२०च्या बुटात घोटा वाकतच नाही, माणूस मागे रेलतो नि मांड्या भरून येतात. थंडीत प्लास्टिक आणखी ताठरतं, म्हणून बूट रात्री खोलीतच ठेवा.

दुकानातच गुडघे पुढे वाकवून बघा. नडगी बुटाच्या जिभेला टेकली आणि बोटं किंचित मागे सरकली, तर तोच जोड घ्या.