नाताळची प्रीती जगण्यात कशी उतरवावी

नाताळ हा देवाने माणसावर केलेल्या प्रीतीचा सण आहे, हे ख्रिस्ती घरात वाढलेल्या प्रत्येकाने लहानपणापासून ऐकलेले असते. तरीही २६ डिसेंबरच्या सकाळी घरातली माणसे बहुधा होती तशीच असतात. भावाभावांतला अबोला सुटलेला नसतो आणि ज्यांच्याशी आपण वर्षभर तुटकपणे बोलतो त्यांच्याशी बोलण्याचा सूरही बदललेला नसतो. शुभवर्तमान ज्या प्रीतीची वार्ता देते ती माणसाला पालटणारी प्रीती आहे, आणि चांदणी, फराळ व नवे कपडे यांतून ती आपोआप अंगी उतरत नाही. तिच्यासाठी घरात आणि वेळापत्रकात जाणीवपूर्वक जागा करावी लागते. ती कशी करावी, हे पुढे सांगितले आहे. वसईच्या धर्मग्रामातील कॅथलिक कुटुंबाला आणि अहिल्यानगरच्या मंडळीतील प्रॉटेस्टंट कुटुंबाला ते सारखेच उपयोगी पडावे, असा प्रयत्न आहे.

आधी क्रम ध्यानात घ्यावा

पुष्कळ जण आगमनकाळाची, म्हणजे नाताळपूर्वीच्या तयारीच्या आठवड्यांची, सुरुवात संकल्पांनी करतात: यंदा राग आवरीन, यंदा दानधर्म करीन. हे संकल्प चांगले असले तरी नाताळच्या शिकवणुकीत त्यांचा क्रमांक दुसरा आहे. योहानाच्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात हा क्रम स्पष्ट केला आहे: पहिल्याने त्याने आपल्यावर प्रीती केली, म्हणून आपण प्रीती करतो. जग सुधारेल आणि मग आपण येऊ, अशी वाट देवाने पाहिली नाही. रोमन सम्राट औगुस्त कैसराच्या नावनोंदणीचा हुकूम सुटलेला, यहूदीयाच्या गादीवर संशयी हेरोद बसलेला आणि बेथलेहेमच्या उतारशाळेत जागा नाही, अशा वेळी शब्द देही झाला, म्हणजे देव ख्रिस्ताच्या रूपाने माणूस होऊन आला.

जक्कयाची गोष्ट याच क्रमाने वाचावी. तो जकातदारांचा मुख्य होता आणि लोक त्याला पापी म्हणत होते. येशूने त्याच्याकडून आधी कसलेही वचन घेतले नाही. आज मला तुझ्या घरी उतरायचे आहे, एवढेच तो म्हणाला. अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याची आणि अन्यायाने घेतलेले चौपट परत करण्याची भाषा जक्कयाने त्यानंतर केली. म्हणून आगमनकाळात रोज निदान दहा मिनिटे काहीही न मागता आणि काहीही न ठरवता प्रार्थनेत शांत बसावे, आणि मी आहे तसा देवाला हवा आहे, हे मनात मुरू द्यावे. माझ्या मते या संपूर्ण मार्गदर्शनात हीच गोष्ट सर्वांत अवघड आहे, कारण कामाला लागणे आपल्याला सोपे वाटते आणि प्रीती स्वीकारणे संकोचाचे वाटते.

वाचन: एकच प्रश्न घेऊन

आगमनकाळाचा पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर या दरम्यान येतो आणि तेथून नाताळपर्यंत चार रविवार मिळतात. या अवधीत लूककृत शुभवर्तमानाचे पहिले दोन अध्याय आणि मत्तयकृत शुभवर्तमानाचे पहिले दोन अध्याय कुटुंबाने एकत्र वाचावेत. लूकच्या पहिल्या अध्यायात ८० ओव्या आहेत. त्या एका बैठकीत उरकू नयेत. एकाने मोठ्याने वाचावे, इतरांनी ऐकावे, आणि वाचन संपल्यावर सर्वांनी एकाच प्रश्नावर बोलावे: या उताऱ्यात कोणाला आपला ठरलेला बेत बदलावा लागला?

हा प्रश्न घेऊन वाचले की ओळखीच्या गोष्टी वेगळ्या दिसू लागतात. याजक जखऱ्या मंदिरात धूप जाळण्यासाठी गेला आणि मुका होऊन बाहेर आला. पुढे आपल्या मुलाचे, योहानाचे, नाव त्याला पाटीवर लिहून सांगावे लागले. बाळाला भेटायला पूर्वेकडून आलेले मागी, म्हणजे ज्ञानी लोक, हेरोदाकडे परत न जाता दुसऱ्या वाटेने आपल्या देशी गेले. मेंढपाळ मात्र आपल्या मेंढरांकडेच परतले, हेही मुद्दाम पाहावे. त्यांचे काम बदलले नाही, रात्रीची राखण चुकली नाही. बदलली ती त्यांची वाणी, कारण ते देवाचा गौरव करीत परतले असे लूक सांगतो. ज्यांना नोकरी किंवा गाव सोडता येत नाही अशांना यात मोठा दिलासा आहे. बेत बदलायला नकार देणारा या कथेत एकच ठळक माणूस आहे, तो हेरोद, आणि त्याच्या नकाराची किंमत बेथलेहेमच्या बालकांना मोजावी लागली.

मरीयेशी वाग्दान झालेल्या योसेफापाशी अधिक थांबावे. मत्तय त्याला नीतिमान म्हणतो. मरीया गर्भवती असल्याचे कळल्यावर गाजावाजा न करता तिला सोडावे, असे त्याच्या मनात होते, आणि त्या काळच्या रीतीत हा सौम्यातला सौम्य निर्णय होता. आपल्यापैकी बहुतेकांचा चांगुलपणा येथवरच पोहोचतो: कोणाची बदनामी करायची नाही, पण आपली मान मात्र सोडवून घ्यायची. देवदूताने त्याला याच्या पलीकडे नेले. त्याने मरीयेला घरी आणले, बाळाचे नाव स्वतः ठेवले, म्हणजे गावाने काय म्हणायचे ते आपल्यालाही म्हणावे, याला तो तयार झाला. त्याच्या तोंडचा एक शब्दही शुभवर्तमानात नोंदलेला नाही, सारी नोंद त्याने केलेल्या गोष्टींची आहे. घरातल्या पुरुषांनी हा उतारा एकदा तरी स्वतः वाचून दाखवावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

गव्हाणी मांडताना

असिसीच्या संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली इटलीतील ग्रेच्यो या गावी गव्हाणीत वाळलेला चारा भरून, शेजारी खरा बैल आणि खरे गाढव उभे करून नाताळची उपासना घडवली. प्रभू किती गैरसोयीत जन्मला हे लोकांना डोळ्यांनी दिसावे, हा त्यांचा हेतू होता. आपला देखावा मांडताना हा हेतू सुटू देऊ नये. कागदाचे डोंगर आणि विजेच्या माळा जरूर असाव्यात, परंतु गव्हाणी साधी असावी आणि २४ डिसेंबरच्या रात्रीपर्यंत रिकामी ठेवावी. कोणी घरात गुपचूप एखादे प्रेमाचे काम केले, तर त्याने गव्हाणीत गवताची एक काडी ठेवावी, अशी जुनी रीत अनेक घरांत आहे. मुलांना ती फार आवडते. काड्या कोणाच्या किती, हे मात्र मोजू नये आणि मुलांना विचारूही नये. मोजदाद सुरू झाली की मुलांच्या मनात गव्हाणीऐवजी गुणपत्रिका उभी राहते.

एक नाव

प्रीतीने देह धारण केला, म्हणजे ती एका ठिकाणी, एका दिवशी, एका आईच्या कुशीत आली. म्हणून आपलीही प्रीती 'सर्वांवर' असून भागत नाही. आगमनकाळाच्या दुसऱ्या आठवड्यात प्रत्येकाने एका कागदावर एकच नाव लिहावे: ज्याच्याशी किंवा जिच्याशी आपले बिनसले आहे त्या व्यक्तीचे. तो कागद कोणाला दाखवू नये. रोज त्या नावाने प्रार्थना करावी आणि नाताळपूर्वी त्या व्यक्तीला भेटावे. व्हॉट्सॲपवर सर्वांना एकदम पाठवलेल्या शुभेच्छा ही भेट नव्हे.

भेटीला जाताना सोबत मध्यस्थांचा गोतावळा नेऊ नये. जुने प्रकरण पहिल्यापासून उकरू नये; आपल्याकडून जे चुकले तेवढेच दोन वाक्यांत सांगावे आणि समोरच्याने आपली चूक कबूल करावी, ही अट मनातही ठेवू नये. जमिनीची वाटणी किंवा उसने पैसे असा व्यवहार अडकलेला असेल, तर त्याचा विषय त्या दिवशी काढू नये, मात्र तो कधी मिटवायचा याची तारीख ठरवून घ्यावी. दार उघडले नाही, तर फराळाचा डबा शेजारी ठेवून परत यावे आणि प्रार्थना चालू ठेवावी. कॅथलिक कुटुंबांत पापनिवेदन संस्काराची जोड याला मिळते, प्रॉटेस्टंट मंडळ्यांत प्रभुभोजनापूर्वीच्या आत्मपरीक्षणाची. दोन्ही ठिकाणी मत्तयच्या पाचव्या अध्यायातील वचन समोर ठेवावे, ज्यात अर्पण वेदीपुढेच ठेवून आधी भावाशी समेट करायला सांगितले आहे.

येथे एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे. ज्या घरात मारहाण होते, त्या घरात पीडित स्त्रीला किंवा मुलाला 'नाताळ आहे, माफ करून परत जा' असे कोणीही, पाळकांनीसुद्धा, सांगू नये. हेरोद बाळाच्या जिवावर उठला तेव्हा योसेफ रातोरात माय-लेकरांना घेऊन मिसर देशात निघून गेला. जीव वाचवणे हेही प्रीतीचेच काम आहे.

देण्याची रीत

खर्चाची यादी करताना देण्याची रक्कम सर्वांत वर लिहावी, कारण खरेदी झाल्यावर उरलेल्यातून दिलेले दान कोणालाच पालटत नाही, देणाऱ्यालाही नाही. करंज्या, अनारसे आणि शंकरपाळ्या तयार झाल्या की पहिले ताट मोलकरीण, सफाई कामगार किंवा इमारतीचे राखणदार यांच्यासाठी भरावे आणि शक्य असेल तेथे त्यांच्यासोबत बसून खावे. पैसे देणे सोपे आहे. एका पंक्तीला बसणे जातीच्या भिंती अजून उभ्या असलेल्या आपल्या समाजात, आणि मंडळ्यांमध्येही, अवघड आहे. म्हणूनच ते करावे.

पंडिता रमाबाई इंग्लंडमध्ये असताना त्यांनी फुलम येथे समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांमध्ये काम करणाऱ्या ख्रिस्ती भगिनी पाहिल्या. या स्त्रियांची इतकी काळजी का घेता, असे त्यांनी विचारले, तेव्हा एका भगिनीने त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्रीची, म्हणजे यहूदी ज्यांच्याशी संबंध ठेवत नसत त्या लोकांतील एका स्त्रीशी येशू बोलला ती, गोष्ट सांगितली. रमाबाईंच्या ख्रिस्तश्रद्धेला या प्रसंगाने वळण दिले आणि १८८३ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे पुणे जिल्ह्यातील केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून वाचवलेल्या मुलींना त्यांनी आसरा दिला आणि फुलममध्ये पाहिल्या होत्या तशाच स्त्रियांसाठी तेथे कृपा सदनही उभारले. दान कसे द्यावे, याचा याहून चांगला धडा मराठी ख्रिस्ती माणसाला क्वचितच मिळेल: जेथे आपल्याला प्रीती दिसली, तशाच ठिकाणी आपण ती पोहोचवावी.

२५ तारखेनंतर

नाताळचा काळ एका दिवसाचा नाही. २६ डिसेंबरला मंडळी पहिला रक्तसाक्षी स्तेफन याचे स्मरण करते, २८ डिसेंबरला बेथलेहेमच्या निष्पाप बालकांचे, ६ जानेवारीला मागी लोकांच्या भेटीचे. या दिवशी त्या त्या घटनेचा उतारा वाचावा, एवढे पुरे. २ फेब्रुवारी हा चाळिसावा दिवस मात्र घरात पाळावा. मरीया आणि योसेफ यांनी त्या दिवशी मंदिरात होल्यांचा जोडा किंवा पारव्यांची दोन पिले अर्पण करायची होती. कोकरू परवडत नसेल त्यांच्यासाठी नियमशास्त्राने ही सवलत ठेवली होती. शिमोन आणि हन्ना या दोघा वृद्धांनी बाळाला ओळखले तेही तेव्हाच. त्या दिवशी कुटुंबाने एखाद्या एकट्या राहणाऱ्या वृद्धाच्या घरी जावे, त्यांचे बोलणे घाई न करता ऐकावे, आणि परत आल्यावर आगमनकाळात लिहिलेला कागद काढून पाहावा. त्या व्यक्तीची भेट झाली असेल, तर व्यवहाराची ठरलेली तारीख पाळली गेली का हे तपासावे. झाली नसेल, तर ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ सुरू होण्याआधी पुन्हा एकदा त्या दाराशी जावे.