सिगारेट ओढणारी बाई ग्लॅमरस वाटते? मग हे करून बघा

आधी सिनेमातला तो सीन पॉज करा. धूर एवढा भारी का दिसतोय? मागून लाइट मारलाय म्हणून. त्या सीनमध्ये वास नसतो, पर्सच्या तळाशी सांडलेला तंबाखूचा चुरा नसतो, फिल्टरवरचा लिपस्टिकचा डाग पण मोजून लावलेला असतो.

मग विचारा, ही इमेज विकली कोणी. १९२९ मध्ये न्यूयॉर्कच्या ईस्टर परेडमध्ये बायकांनी भर रस्त्यात सिगारेटी पेटवल्या, नाव दिलं ‘स्वातंत्र्याच्या मशाली’, आणि हे सगळं जुळवून आणलं होतं एडवर्ड बर्नेज नावाच्या पीआरवाल्याने, जो तंबाखू कंपनीकडून पैसे घेत होता! पुढे १९६८ मध्ये खास बायकांसाठी बारीक सिगारेट आली, व्हर्जिनिया स्लिम्स. मुक्ती पण पाकिटात, घ्या.

आता उलटी टेस्ट, ही जास्त महत्त्वाची. तिच्या जागी पुरुष ठेवा. तो ओढतोय तर "टेन्शन असेल बिचाऱ्याला" आणि ती ओढतेय तर "वाया गेली", असं मनात आलं ना, मग तुमचा प्रॉब्लेम सिगारेट नाहीये, बाई आहे. हल्ली लोक तोंडावर बोलत नाहीत एवढंच, बघतात मात्र तसंच.

मैत्रिणीशी बोलायचंच असेल तर संस्कार वगैरे काढू नका. कामाचं सांगा: पस्तिशीनंतर सिगारेट आणि गर्भनिरोधक गोळ्या (इस्ट्रोजेनवाल्या) एकत्र चालू असतील तर हार्ट अटॅक, स्ट्रोकचा धोका बराच वाढतो, डॉक्टरला खरं सांग. आणि तलफ येते ती बहुतेक वेळा काही मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ मैत्रिणीशी गप्पा मारा.