गावाने मिळून पाण्याचा ताळेबंद कसा मांडावा

ऑगस्ट २०२३ आठवतो? पोळा तोंडावर आला तरी आभाळ कोरडेच होते. १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट तो. आणि दोनच वर्षांनी, सप्टेंबर २०२५ मध्ये, मराठवाड्यात उभे सोयाबीन पाण्याखाली कुजले, नदीकाठची माती खरवडून गेली. हवामान बदल शेतकऱ्याला असा भेटतो. पाऊस येतो, पण त्याला वेळेचे भान उरलेले नाही.

अशा वेळी एकेकट्या शेतकऱ्याला सुचणारा उपाय एकच असतो, आणखी एक बोअर. तो लागला की शेजारची विहीर आटते, मग शेजारी त्याहून खोल जातो. दोघांचे कर्ज वाढते, खडकातले पाणी मात्र तेवढेच राहते. ही शर्यत थांबवायची तर यंदा गावाच्या वाट्याला किती पाणी आले आणि त्यावर काय पिकवायचे, हे सगळ्यांनी एकत्र बसून ठरवावे लागते. यालाच पाण्याचा ताळेबंद म्हणतात. अहिल्यानगर जिल्ह्यातले हिवरे बाजार पोपटराव पवारांच्या पुढाकाराने हे वर्षानुवर्षे करत आले आहे. तिथे आधी माणसांच्या आणि जनावरांच्या पिण्याचे पाणी बाजूला काढतात, उरलेल्यात रब्बी बसवतात. शेतीसाठी बोअर नाही आणि ऊस-केळी नाही, हे गावाने आधीच ठरवून घेतलेले.

गणित सातवीच्या पोराला जमेल इतके सोपे आहे. अवघड आहे ते उत्तराप्रमाणे वागायला गावाला राजी करणे. म्हणून पुढच्या पायऱ्यांत गणितापेक्षा माणसेच जास्त भेटतील.

पायरी १ : माणसे जमवा, योजना नंतर (एप्रिल-मे)

दहा-बारा जणांचा गट पुरतो. फक्त सरपंच, उपसरपंच आणि त्यांचे मित्र एवढाच गट झाला, तर काम सुरू होण्याआधीच संपले असे समजा. गटात हवेत ते असे: माथ्यावरचा कोरडवाहू शेतकरी, ओढ्याकाठचा बागायतदार, एखादे भूमिहीन कुटुंब, शेळ्या-मेंढ्या राखणारा, नळाचे पाणी सोडणारा कर्मचारी, बचत गटातल्या किमान तीन बाया आणि शाळेतले एखादे गुरुजी. पाणी सोडणाऱ्याला विसरू नका. कुठल्या गल्लीत पाणी किती वेळ जाते आणि पाइप कुठे फुटलाय, हे त्याच्याइतके कुणालाच ठाऊक नसते.

सगळ्यात जास्त ऊस ज्याचा, त्याला पहिल्याच बैठकीला घरी जाऊन बोलवा. त्याला वगळून केलेला ताळेबंद त्याच्याविरुद्धचा कट वाटतो, आणि बऱ्याचदा तसाच असतोही.

अटल भूजल योजना, जलयुक्त शिवार, माझी वसुंधरा अशा योजनांतून काही गावांत ताळेबंद झाले. चांगलेच झाले. पण एखाद्या योजनेच्या कागदासाठी म्हणून सुरुवात केली, तर योजना संपली की गावाच्या भिंतीवर रंगवलेला हिशेबही पुसला जातो. निधी लागेल तेव्हा मागता येतो. मोजायला तो लागत नाही.

पायरी २ : शिवारफेरी, माथा ते पायथा

एक सकाळ काढा आणि सगळा गट शिवाराच्या सर्वांत उंच टोकापासून ओढ्यापर्यंत चाला. गाव नकाशा तलाठ्याकडे मिळतो. त्याची मोठी प्रत काढून विहिरी, बोअर, बांध, नालाबांध, शेततळी, पाझर तलाव चालता चालता खुणावत जा. गाळाने भरलेला बंधारा, फुटलेला सांडवा, वापरात नसलेली विहीर हेही लिहा.

विहिरींच्या कडा पाहत जा. वर माती, मग मुरूम, मग मांजऱ्या (छिद्रे असलेला मऊ खडक), खाली काळा पाषाण. महाराष्ट्राचा बहुतेक भाग याच खडकावर बसला आहे. मुरूम-मांजऱ्यात पाणी मावते, काळ्या पाषाणात ते भेगा असतील तेवढेच. म्हणजे गावाची टाकी वरच्या थरात आहे. चारशे फुटांवर भेगेत लागलेले पाणी बहुधा जुनी ठेव असते, ती मोडली की दरवर्षीच्या पावसाने परत भरत नाही. खड्यांनी भरलेल्या बादलीत पाणी ओतून हा फरक मुलांना दाखवता येतो. मोठेही वाकून बघतात.

पायरी ३ : स्वतःचा पर्जन्यमापक बसवा (१ जूनपूर्वी)

स्वयंचलित हवामान केंद्राचा आकडा महसूल मंडळाचा, म्हणजे अनेक गावांचा मिळून असतो, तुमच्या गावाचा नव्हे. हल्ली तर एका ओढ्याच्या अलीकडे पाऊस, पलीकडे ऊन. विकतचा पर्जन्यमापक उत्तम. नसला तर सरळ उभ्या भिंतींचा, तळ सपाट असलेला डबाही चालतो. त्यात साचलेल्या पाण्याची खोली पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजली की तोच पाऊस. डबा मोकळ्या जागी ठेवा, झाडापासून वा भिंतीपासून त्यांच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतरावर. रोज सकाळी साडेआठला मोजायचे, वहीत लिहायचे, फळ्यावरही लिहायचे. शिवार मोठे असेल तर दोन ठेवा. हे काम शाळेकडे दिले तर चुकत नाही, मात्र सुट्टीच्या दिवशी कोण जाणार हे आधीच ठरवा.

पायरी ४ : विहिरी मोजा

माथ्यावरच्या, मधल्या आणि ओढ्याकाठच्या मिळून आठ-दहा विहिरी निवडा. टेपच्या टोकाला वजन बांधून काठावरच्या ठरलेल्या, रंगाने खूण केलेल्या जागेवरून पाण्यापर्यंतचे अंतर घ्या. वेळ पहाटेची, मोटार सुरू होण्याआधीची. मे अखेर, ऑक्टोबरची सुरुवात, जानेवारी आणि मार्च, एवढ्या चार मोजण्या पुरेत.

मोजताना विहिरीचा मालक शेजारी उभा हवा. गणितापेक्षाही महत्त्वाची गोष्ट ही. बाहेरून आलेल्या साहेबाचा आकडा ग्रामसभेत पहिल्याच भांडणात उडतो. ज्याने स्वतः टेप धरली, तो म्हणतो, ‘मी पाहिलंय, सहा फूट खाली गेलंय.’

पायरी ५ : ऑक्टोबरचा हिशेब

एकच सूत्र पाठ करा: १ हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १० घनमीटर, म्हणजे १० हजार लिटर. हजार घनमीटरला टीसीएम म्हणतात, १० लाख लिटर.

समजा गावाचे शिवार १,००० हेक्टर आहे आणि पाऊस झाला ४५० मिलिमीटर. एकूण पाणी पडले ४,५०० टीसीएम. ऐकायला अफाट वाटते. पण त्यातले बरेचसे खरिपाने पिले, बरेचसे उन्हाने नेले, काही ओढ्यातून पुढच्या गावाला गेले. आपल्या खडकात पावसाचा साधारण दहावा हिस्सा मुरतो असे धरतात, म्हणजे ४५० टीसीएम. बंधारे, तलाव, शेततळी यांत मोजून १५० निघाले असे समजू. हाती आले ६००.

शेततळी मोजताना फसू नका. ३० बाय ३० बाय ३ मीटरचे शेततळे काठांचा उतार धरला तर सुमारे २ टीसीएम घेते. पण ते पावसाच्या वाहत्या पाण्याने भरले असेल तरच जमेत धरा. बोअर चालवून भरलेले शेततळे ही नवी जमा नाही. सावलीत, जमिनीखाली सुरक्षित असलेले पाणी वर आणून उन्हात वाळत घातले, एवढेच.

आता खर्च. १,५०० माणसे, प्रत्येकी दिवसाला ५५ लिटर, ऑक्टोबर ते जुलै असे ३०० दिवस धरले तर सुमारे २५ टीसीएम. जुलैपर्यंत मुद्दाम धरायचे, कारण जूनचा भरवसा आता उरलेला नाही. ६०० गाई-म्हशी-बैल दिवसाला ६० लिटरने आणि ८०० शेळ्या ७ लिटरने मिळून साधारण १२. झाले ३७. राखीव म्हणून ६३ बाजूला ठेवा. शेतीला उरले ५००.

या ५०० टीसीएमचे काय होऊ शकते?

दोन संरक्षित पाण्यांवर, म्हणजे ऐन गरजेच्या वेळी दिलेल्या दोन पाळ्यांवर, येणारी ज्वारी किंवा हरभरा (हेक्टरी सुमारे सव्वा टीसीएम): ४०० हेक्टर, म्हणजे हजार एकर.
गहू (हेक्टरी सुमारे ४): १२५ हेक्टर.
ऊस (पावसाळा संपल्यापासून पुढच्या पावसापर्यंत हेक्टरी सुमारे १५): ३३ हेक्टर, म्हणजे ऐंशी-बयाऐंशी एकर.

हे आकडे ढोबळ आहेत. जमीन, वाण, ठिबक की पाटपाणी यावर बदलतात. आपल्या भागाचे कृषी सहायकाकडून नक्की करून घ्या. गेल्या रब्बीत खरोखर काय होते, ते ई-पीक पाहणीच्या नोंदीत दिसेल. मग पायरी ४ ची वही उघडा. ऑक्टोबरची पातळी गेल्या ऑक्टोबरपेक्षा खाली असेल, तर ‘दहावा हिस्सा मुरला’ हा अंदाज विसरा आणि जमा कमी करा. कागद आणि विहीर यांत मतभेद झाला, तर विहिरीचे ऐकायचे.

हा हिशेब चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीवर रंगवा, हातभर अक्षरात.

पायरी ६ : ग्रामसभा

२ ऑक्टोबरची ग्रामसभा यासाठी अगदी वेळेवर येते. पाऊस सरत आलेला, रब्बीची पेरणी तोंडावर. तिच्या आधी महिला सभा घ्यावीच लागते. ती केवळ सह्यांची न करता पिण्याच्या पाण्याचा आकडा तिथेच ठरवा. एप्रिलमध्ये हंडा कुणाच्या डोक्यावर येतो हे लक्षात घेतले, तर राखीव साठा किती ठेवायचा याचा निर्णय कुणाचा हे वेगळे सांगायला नको.

मोठ्या सभेत थेट ‘ऊस बंद’ असा ठराव मांडू नका. सभा तिथेच मोडते. भिंतीवरचे तीन आकडे वाचा आणि गप्प बसा. हजार एकर की ऐंशी एकर, हा प्रश्न लोकच विचारतात. उसवाल्याची बाजूही खरी असते: कारखाना उचल देतो, भाव ठरलेला असतो, हरभऱ्याला कोण विचारतो? याला उत्तर नुसत्या उपदेशाने मिळत नाही. एकत्र बियाणे, एकत्र विक्री, निम्म्या क्षेत्रावर ठिबक, खोडव्यानंतर (तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटलेल्या पिकानंतर) ऊस मोडण्याची मुदत, अशी देवाणघेवाण करावी लागते. पहिल्या वर्षी ‘नवी लागण नाही’ एवढे ठरले तरी पुष्कळ.

वाटपाचा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातल्या नायगावात पाणी पंचायतीचा प्रयोग केला. पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता घरातल्या माणसांच्या प्रमाणात: माणशी अर्धा एकर भिजेल इतके, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही हक्क. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही. ऊस नाही. तुमच्या गावाला हे सगळे पेलेल असे नाही, पण ‘पाणी कुणाचे’ हा प्रश्न सभेत एकदा तरी मोठ्याने विचारला जावा.

पायरी ७ : नियम थोडे, पण पाळले जातील असे

चार नियम पुरे. नवा बोअर फक्त पिण्यासाठी. पिण्याच्या विहिरीजवळ उपसा नाही. सार्वजनिक बंधाऱ्यात मोटार टाकायची तर ठरलेल्या दिवशीच. मार्चनंतर उन्हाळी पीक केवळ जानेवारीची मोजणी पाहून. २००९ च्या भूजल अधिनियमाने शेतीसाठी ६० मीटरपेक्षा खोल विहीर वा बोअर घ्यायला मनाई केलीच आहे. प्रत्यक्षात किती जण त्याखाली गेलेत, हे प्रत्येक गावाला माहीत असते. म्हणून कायद्याचा धाक दाखवण्यापेक्षा नियम मोडल्यास काय होईल ते गावानेच ठरवावे, आणि पहिला मोडणारा सरपंचाचा भाऊ निघाला तरी तेच व्हावे.

विजेचा हिशेबही बोलता बोलता सांगून टाका. १०० मीटरवरून १ टीसीएम पाणी वर आणायला आदर्श हिशेबानेही २७० युनिट लागतात, प्रत्यक्षातल्या मोटारीला दुप्पट. पाणी वर राहिले तर तेवढी वीज आणि तेवढा कोळसा वाचतो. सभेत हे पटकन पटते असे नाही, पण मोटार जळण्याचा खर्च लगेच पटतो.

पायरी ८ : जानेवारी आणि मार्च

बहुतेक गावे इथे सैल पडतात. जानेवारीत त्याच विहिरी, त्याच खुणेवरून मोजा. पातळी अंदाजापेक्षा झपाट्याने उतरत असेल तर लगेच बैठक घ्या. उन्हाळी भुईमूग, कांदा, बाजरी यांचे काय ते त्याच दिवशी ठरवा, रोपे टाकून झाल्यावर नाही. जास्त उतार कुठल्या विहिरींना पडला ते नकाशावर खुणावा. पुढच्या वर्षीचे नालाखोलीकरण, गाळ काढणे, बांधबंदिस्ती कुठे हवी, हे त्या खुणा सांगतील. निधीचा अर्ज आता करा, हातात मोजलेले आकडे घेऊन.

पहिल्या वर्षीचा हिशेब चुकणारच. मुरलेले पाणी जास्त धरले जाते, उपसा कमी. मे अखेरच्या मोजणीत ते उघडे पडेल. तेव्हा भिंतीवरचा जुना आकडा पुसू नका. त्याच्या शेजारी नवा रकाना काढा, आणि पर्जन्यमापकाचा डबा धुऊन परत जागेवर ठेवा.