जुन्या जीपचे जाम बोल्ट सोडवताना या चुका टाळा

आमच्या अंबडकडं अजून लई जणांच्या दारात जुन्या जीपा उभ्या आहेत, कुणाची एमएम ५४०, कुणाची कमांडर जी आधी काळी-पिवळी म्हणून चालली आणि आता खताची पोती न कडबा वाहते. गाड्या निब्बर, इंजिन अजून एका सेल्फात उठतं. पण पाटे (चाकावरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) उतरवायचे म्हटलं, सायलेन्सर काढायचा म्हटलं की बोल्ट हलत नाही आणि मग गडी पाइप आणतो, घण आणतो, अन संध्याकाळपर्यंत बोल्टाचं डोकं गोल गोटीसारखं झालेलं असतं. मला हे बघवत नाही. कारण माझ्या बघण्यातले बहुतेक बोल्ट गंजानं वाया गेलेले नव्हते, सोडवणाऱ्यानं पहिल्या पाच मिनिटांत वाया घालवलेले होते.

इंचाच्या बोल्टाला एमएमचा पाना

ही एक नंबरची चूक, आणि हिच्यावर कुणी बोलत नाही. आपल्या जुन्या महिंद्रा जीपा मूळ अमेरिकेच्या विलीज कंपनीच्या डिझाइनवरून आलेल्या, त्यामुळं चेसिस, पाटे, बॉडीचे बोल्ट बऱ्याच ठिकाणी इंचाचे. त्यातच इंजिन फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या डिझाइनचं असलं तर त्याच्यावरचे बोल्ट एमएमचे. म्हणजे एकाच गाडीत दोन हिशोब, आणि वरून तीस-चाळीस वर्षांत मिस्त्रीच्या डब्यात जो सापडला तो बोल्ट ठोकलेला असतो तो वेगळाच.

आता बघा, अर्ध्या इंचाचं डोकं, म्हणजे चार सूत, भरतं १२.७ एमएम. त्याला आपण १३ चा पाना लावतो. तो बसतो, हातानं हलवून बघितला तर किंचित खेळतो, पण आपण म्हणतो चालतंय. नवा बोल्ट असता तर चाललंही असतं, पण जाम बोल्टावर जोर टाकला की ती ०.३ एमएमची ढिलाई सगळा जोर कोपऱ्यावर नेते आणि कोपरा सोलून निघतो. ९/१६ चं तर त्याहून वाईट, ते भरतं १४.२९, त्यावर १४ चा चढत नाही म्हणून १५ चा लावतात, पाऊण एमएमच्या आसपास ढिलाई! शेजारच्यांच्या कमांडरचे चार बोल्ट असेच गेले, चारही ९/१६ चे, आणि चारही योग्य पान्यानं नंतर सुटले असते असं मला आजही वाटतं. उलट पाऊण इंच म्हणजे १९.०५, त्याला १९ चा पाना जवळपास बरोबर बसतो. म्हणूनच लोकांना वाटतं की सगळीकडंच चालतं.

तर जुन्या जीपवर काम करणाऱ्यानं इंचाचा एक सेट घ्यावाच, निदान ७/१६, १/२, ९/१६, ५/८ आणि ३/४ तरी. गोटी (सॉकेट) घेताना सहा कोनी घ्या, बारा कोनी गोटी कोपऱ्याजवळ धरते, सहा कोनी सपाट बाजूवर धरते. फिक्स पाना फक्त दोन बाजू पकडतो, जाम बोल्टाला तो पहिल्यांदा लावूच नका. आणि डोकं आधीच कुणी खराब केलेलं असेल तर १२.७ च्या डोक्यावर १२ ची जुनी सहा कोनी गोटी हातोडीनं ठोकून बसवा, बऱ्याचदा एवढ्यावरच काम होतं.

माती न काढता तेल मारणं

आपली काळी माती चेसिसच्या खोबणीत बसली की पावसाळाभर ओल धरून ठेवते, आणि उन्हाळ्यात तिची वीट होते. त्यात पोटॅशची पोती वाहिलेली गाडी असेल तर विचारूच नका, पोटॅश म्हणजे क्लोराइडचंच मीठ, ते लोखंड खातं. अशा चिखलाच्या थरावर तुम्ही कितीही महागडा स्प्रे मारा, तो मातीतच मुरतो. आधी पाण्यानं धुवा, वाळू द्या, मग तारेच्या ब्रशनं नटाच्या बाहेर आलेले आटे चकचकीत करा. हे विसरलं की नट सुटतो खरा, पण गंजलेल्या आट्यांवर येऊन परत अडकतो आणि तिथंच बोल्ट तुटतो.

तेलाबद्दल. डब्ल्यूडी-४० हे १९५३ साली पाणी हटवण्यासाठी बनवलेलं, त्याच्या नावातच ते आहे, डब्ल्यूडी म्हणजे ‘वॉटर डिसप्लेसमेंट’. ते वाईट नाही, पण आत मुरायला त्याच्यापेक्षा खास जाम सोडवायचे स्प्रे बरे. आमच्याकडं काही जण गिअरचं एटीएफ तेल आणि ॲसिटोन निम्मं-निम्मं मिसळून वापरतात, चांगलं चालतं, फक्त ते वेगळं होतं म्हणून दरवेळी हलवून घ्यायचं, रंगावर पडू द्यायचं नाही, आणि ॲसिटोन पटकन पेटतं म्हणून जवळ विडी-काडी नको. खरी गोष्ट वेळेची आहे. सकाळी तेल मारून दुपारी पाना लावू नका, तीन दिवस सकाळ-संध्याकाळ मारा, मधून मधून हातोडीनं बोल्टाच्या डोक्यावर सरळ टकटक करा, त्या धक्क्यानं गंजाचा थर तडकतो आणि तेलाला वाट मिळते.

हाताला काय कळतंय ते न ऐकणं

पहिल्यांदा सोडवायच्या दिशेनं नाही, किंचित घट्ट करायच्या दिशेनं जोर द्या. ‘कट्’ असा आवाज आला की समजा गंज सुटला. मग पाव फेरा मागं, थोडं पुढं, तेल, परत पाव फेरा. पण पाना फिरतोय आणि हाताला रबरासारखं लागतंय, आवाज नाही, तर बोल्ट सुटत नाहीये, पिळला जातोय. तिथं थांबा. पाइप लावून अजून एक धक्का मारणाऱ्यांचे बोल्ट तिथंच तुटतात.

चाकाच्या नटाचं एक वेगळं सांगतो. काही जुन्या जीपांना डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असतात, ते घड्याळाच्या दिशेनं सुटतात. लोक त्याला जाम समजून दोघं-दोघं पान्यावर उभे राहतात आणि खरं तर ते नट आवळत असतात. स्टडाच्या (ज्यावर नट चढतो त्या आट्यांच्या दांड्याच्या) तोंडावर ‘एल’ आहे का ते पुसून बघा.

गॅसचा अंदाधुंद वापर

गरम करणं हा चांगला उपाय आहे, पण नट गरम करायचा, बोल्ट नाही. १२ एमएमचा नट ३०० अंशांनी तापला तर त्याचं भोक साधारण ०.०४ एमएमनं मोठं होतं, ऐकायला काहीच नाही, पण गंजाची पकड सोडवायला बऱ्याचदा तेवढं पुरतं. थोडा निवला की मेणबत्ती टेकवा, मेण वितळून आट्यात ओढलं जातं.

कुठं गॅस लावायचा नाही ते मात्र पाठ करा. पाट्यांजवळ नाही, पाट्याचं पाणी (पोलादाला दिलेला कडकपणा) उतरतं आणि नंतर तो बसतो किंवा तुटतो. पाटे आवळून धरणारे यू-बोल्ट तर गरम करायची गरजच नाही, पाटे उतरवले की ते नवेच घालायचे असतात, सरळ ग्राइंडरनं कापा. शॉकअपजवळ नाही, आत तेल असतं आणि तो फुटू शकतो. ब्रेक क्लीनर मारलेल्या जागी तर अजिबात नाही, क्लोरीनवाल्या क्लीनरपासून तापल्यावर फॉस्जीन तयार होतो, तो विषारी वायू आहे. डिझेलची टाकी, ब्रेकचे पाइप झाका, ओलं पोतं जवळ ठेवा. आणि मे महिन्यात कडब्याच्या गंजीजवळ गाडी लावून हे काम करू नका. लालभडक झालेला बोल्ट परत वापरायचा नाही, त्याचा दम गेलेला असतो.

तुटलाच तर

सायलेन्सरच्या मॅनिफोल्डचा स्टड हेडमध्ये तुटला की माणसं ईझी-आउट (तुटलेल्या तुकड्यात उलटं फिरवून तो काढायचं हत्यार) आणतात. तो कडक पण ठिसूळ असतो, आत तुटला तर साधा ड्रिल त्याला लागत नाही. त्यापेक्षा तुटलेल्या तुकड्यावर नट ठेवून वेल्डिंगवाल्याकडून नटाच्या आतून भरून घ्या, त्या तापानंच निम्मं काम होतं. ड्रिलच मारायचं असेल तर मधोमध सेंटर पंच मारल्याशिवाय सुरुवात नको. डोळ्यांना गॉगल हवाच, आणि नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली शिरून पाना ओढायचा नाही, खाली घोडी (स्टँड) लावा.

परत बसवताना चेसिसच्या बोल्टाला कॉपर ग्रीस लावा, चाकाचे स्टड मात्र कोरडेच ठेवा. जुना बोल्ट नमुना म्हणून दुकानात न्या. ५/१६ इंच जाडीचा बोल्ट ७.९४ एमएम भरतो, त्याच्यावर ८ एमएमचा नट दोन-तीन आटे गुपचूप चढतो आणि मग अडकतो, तिथं पाना लावला की दोन्हीचे आटे गेले. नवा नट पाच-सहा आटे बोटांनी चढला तरच तो बरोबर, नाहीतर उतरवून परत द्या.