कॅम बदलल्यावर ब्लोअर खडखडतोय: सुपरचार्जर उतरवण्याआधीची तयारी

नवा कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, थोडक्यात कॅम) बसवून इंजिन सुरू केलं आणि पुढून खडखड यायला लागली, की संशय आधी सुपरचार्जरवर (बेल्टवर फिरून इंजिनात जास्त हवा दाबणारा पंप, म्हणजेच ब्लोअर) जातो आणि पाना त्याच्याच बोल्टवर लागतो. जरा थांबा. कॅम बदलल्याने ब्लोअर सहसा बिघडत नाही. ओव्हरलॅप (इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे राहण्याचा काळ) वाढला की आयडलला, म्हणजे रेस न देता, इंजिन एकसारखं फिरत नाही, दर ठोक्याला क्रँक (इंजिनचा मुख्य दांडा) पुढे-मागे हिसकते, आणि ब्लोअरच्या कपलरमध्ये (पुलीचा दांडा रोटरच्या गिअरला जोडणारा तुकडा) व गिअरमध्ये आधीपासून असलेला प्ले (मोकळीक) आता वाजायला लागतो. म्हणून आवाज कुठला हे आधी ठरवायचं, खोलणं नंतर.

सामान फार लागत नाही. मेकॅनिकचा स्टेथोस्कोप, व्हॅक्यूम गेज, हाताने चालवायचा व्हॅक्यूम पंप, स्टीलची सरळ पट्टी, पाण्याची फवारणीची बाटली, टॉर्च, टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) ओढायला लांब दांडा आणि नॉक रिटार्ड (इंजिन ठोकतंय असं वाटून ईसीयूने मागे ओढलेलं टायमिंग) दाखवणारा लॉगर. स्लो मोशन व्हिडिओ काढणारा फोन असेल तर टेन्शनरची नाटकं डोळ्यांनी दिसतात. कॅमसोबत आलेलं, त्याची मापं लिहिलेलं कार्ड हाताशी ठेवा. नव्या कॅमचं ट्यूनिंग ईसीयूमध्ये (इंजिनच्या कंप्युटरमध्ये) चढलेलं आहे ना, हेही बघून घ्या; जुन्या ट्यूनवर आयडल इतकं डळमळतं की पुढची कुठलीच तपासणी विश्वासाची राहत नाही.

कागदावर एक हिशोब मांडून ठेवा. कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणजे ८०० आरपीएमच्या आयडलला एका व्हॉल्व्हचा ठोका मिनिटाला ४००, सेकंदाला जेमतेम सात. ही टकटक जवळजवळ मोजता येते. क्रँकची पुली १९० मिमी आणि ब्लोअरची ७६ मिमी असेल तर ब्लोअर अडीच पट, म्हणजे २००० आरपीएमने फिरतोय. तिथल्या खराब बेअरिंगची सलग घरघर होते आणि आरपीएमबरोबर चढत जाते. कपलरची खडखड या दोन्हींत बसत नाही. ती डब्यात खडे हलवल्यासारखी वेडीवाकडी येते आणि आयडल डळमळेल तशी कमी-जास्त होते.

पहिली फेरी इंजिन थंड आणि बंद असताना, किल्ली काढून. ब्लोअरचं स्वतःचं ऑइल असेल तर त्या मॉडेलच्या पुस्तकात सांगितलेल्या पातळीपर्यंत आहे का बघा. ऑइल काळं किंवा चकचकीत कणांचं असेल तर पुढची शंका बेअरिंग आणि गिअरवर. बेल्ट काढा आणि ब्लोअरची पुली धरून वर-खाली, आत-बाहेर हलवा. हाताला प्ले लागता कामा नये. मग पुली हळूच डावी-उजवीकडे फिरवा. रोटर (ब्लोअरमधले हवा ढकलणारे फिरते भाग) हलण्याआधी थोडं मोकळं फिरणं स्प्रिंगच्या कपलरमध्ये चालतं, पण ‘टक’ असा स्पष्ट धक्का बसत असेल तर कपलर झिजलाय. इनलेटमधून टॉर्च मारून रोटर बघा. कोटिंग घासून अ‍ॅल्युमिनियमच्या ताज्या चमकदार रेषा उमटल्या असतील, किंवा आत एखादा वॉशर दिसला, तर इंजिन सुरूच करायचं नाही.

पुशरॉडच्या (कॅमची हालचाल वर व्हॉल्व्हपर्यंत नेणाऱ्या काड्यांच्या) इंजिनात कॅम काढायला पुढचं कव्हर उघडावं लागतं आणि त्यासाठी क्रँकचा बॅलन्सर (क्रँकच्या पुढच्या टोकावरचं, बेल्ट फिरवणारं चाक) उतरतो. खरी गडबड बऱ्याचदा इथेच असते. बॅलन्सर एक-दोन मिमी बाहेर राहिला तरी बेल्ट तिरका धावतो. पट्टी पुल्यांच्या तोंडाला लावून सरळ रेष तपासा. बॅलन्सरचा बोल्ट ताणून बसणाऱ्या प्रकारचा असेल तर तो नवाच हवा, जुना पुन्हा कसून भागत नाही.

आता बेल्ट न चढवता इंजिन सुरू करा. सगळ्या यादीत सर्वात जास्त सांगणारी तपासणी हीच. वॉटर पंप याच बेल्टवर असेल तर थंड इंजिन अर्धा मिनिट, त्याहून जास्त नाही. आयडलच ठेवा, रेस देऊ नका. आवाज तसाच राहिला तर ब्लोअर निर्दोष. गेला, तर तो ब्लोअरचा, बेल्टचा किंवा एखाद्या आयडलर पुलीचा. काढलेल्या बेल्टवरच्या सगळ्या पुल्या हाताने फिरवून त्यांची बेअरिंगं ऐकून घ्या.

बेल्ट परत चढवून आयडल ७०० वरून ९५० पर्यंत वाढवा. खडखड विरली तर तो कपलरचा किंवा गिअरचा प्ले, घाबरण्यासारखं काही नाही. आवाज चढत गेला तर बेअरिंग. स्टेथोस्कोप आधी ब्लोअरच्या नाकाच्या (पुलीमागचा पुढे आलेला भाग) पुढच्या बेअरिंगवर, मग गिअरच्या भागावर, मग मागच्या टोकाला टेकवा. बाही आणि केस बेल्टपासून लांब ठेवा. सेंट्रिफ्यूगल ब्लोअरमध्ये सरळ दातांचे गिअर असतील तर आयडलची थोडी खुळखुळ त्यांच्या स्वभावातच असते.

बायपास व्हॉल्व्हकडे (बूस्ट, म्हणजे ब्लोअरचा दाब, नको असताना हवा वळवून परत नेणारी झडप) बहुतेकांचं लक्ष जात नाही. आयडलला तो व्हॅक्यूमने उघडा राहतो. साध्या कॅमवर हा व्हॅक्यूम १८-२० इंच पारा असतो, मोठ्या ओव्हरलॅपच्या कॅमवर १०-१२ पर्यंत उतरतो, तोही सुई थरथरत. मग अ‍ॅक्च्युएटरची (झडप हलवणाऱ्या डबीची) स्प्रिंग आणि व्हॅक्यूम यांची ओढाताण चालते आणि झडप टर्रटर्र करते. अ‍ॅक्च्युएटरची नळी काढून तिचं तोंड बंद करा, हातपंपाने अ‍ॅक्च्युएटरला १५ इंच द्या. आवाज थांबला तर चोर सापडला. पंपाची सुई घसरत असेल तर डायफ्राम फाटलाय. नसेल तर नळी आधी ज्या पोर्टवर होती तिथेच परत गेली आहे का ते बघा, आणि नळीत छोटा रिस्ट्रिक्टर (बारीक भोकाचा अडथळा) घालून पहा. फार बारीक घातलात तर झडप उशिरा बंद होऊन बूस्ट उशिरा येतो.

बेल्टचा आवाज वेगळा ओळखू येतो. चिवचिव असेल तर चालू इंजिनवर बेल्टच्या खाचांच्या बाजूला थोडं पाणी फवारा. आवाज क्षणभर जाऊन परत आला तर अलाइनमेंट, वाढला तर ताण कमी. टेन्शनरचा दांडा स्लो मोशनमध्ये सतत उड्या मारताना दिसला तर त्याचं डॅम्पिंग गेलंय. फक्त बूस्टवर येणारी शिट्टी बहुधा गॅस्केटची असते, तिच्यासाठी स्मोक टेस्ट (आत धूर सोडून गळती शोधणं).

बेल्टशिवायही टकटक राहिली असेल तर पुशरॉडची लांबी मोजा. रीग्राइंड (जुनाच घासून नवा आकार दिलेल्या) कॅमचं बेस सर्कल (उंचवटा सोडून उरलेला गोल भाग) लहान असतं, जुनी पुशरॉड आखूड पडते आणि हायड्रॉलिक लिफ्टरला (कॅमवर टेकणाऱ्या, ऑइलवर चालणाऱ्या ठोकळ्याला) प्रीलोड, म्हणजे लागणारा आधीचा दाब, मिळत नाही. व्हॉल्व्ह कव्हर काढून त्याच्या आतल्या बाजूला रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारे हात) घासल्याच्या खुणा शोधा. पिस्टन आणि व्हॉल्व्हमधलं अंतर बसवताना मोजलंच नसेल (इनटेकला किमान २ मिमी, एक्झॉस्टला २.५ मिमी हा सर्वसाधारण नियम), तर ते मोजेपर्यंत रेस अजिबात नको. थंड असताना जास्त आणि गरम झाल्यावर कमी होणारी टिकटिक एक्झॉस्ट गळतीचीही असू शकते.

लॉगरवर नॉक रिटार्ड बघा. खडखडणारा कपलर नॉक सेन्सरला फसवतो आणि ईसीयू उगाच टायमिंग मागे ओढतो. पण हे ठरवायला घाई नको: आयडलला किंवा हलक्या लोडवर दिसणारा रिटार्ड खोटा असू शकतो, पूर्ण बूस्टवरचा खराच धरून चालायचं.

सगळे पुरावे कपलरकडेच बोट दाखवत असतील, तरच ब्लोअरचं नाक खोला. त्याआधी नवा कपलर, नाकाचं सीलंट किंवा गॅस्केट, ब्लोअरचं योग्य ऑइल आणि पुली दाबून बसवलेली असल्यास तिचा पुलर मागवून ठेवा. जुन्या कपलरची भोकं अंडाकृती झालेली दिसतील, पिनांवर चमकदार पट्टे असतील. सॉलिड कपलरने स्प्रिंगचा आवाज जातो, पण हिसके थेट गिअरपर्यंत पोचतात. मोठ्या कॅमवर आयडल ९०० च्या आसपास ठेवता येणार नसेल तर स्प्रिंगचाच नवा कपलर बरा.